जेवढे असतील तेवढे : शब्दनोंदीची घडण आणि जेसन

(बोलीतील शब्दांचे संकलन करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



मराठी साहित्य शिकवणाऱ्या बाईने संगणकाच्या प्रोग्रामविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. मलाही वाटते. माझा प्रबंध साहित्याचा, माझे वर्ग साहित्याचे. संगणकाशी माझा संबंध काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रश्नपत्रिका टंकित करण्यापुरताच होता. तरीही आज हा विषय मी मागून घेतला, कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती आपल्या हातून होऊ नये, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांबरोबर मी इंदुरातील जुन्या मराठी घरांमधले शब्द गोळा करण्याचे काम हाती घेतले होते. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या घरांची मराठी पुण्याच्या मराठीपासून थोडी बाजूला गेलेली आहे. तिच्यात माळवी आहे, हिंदी आहे, आणि पुण्यात मागे पडलेले काही जुने मराठीही आहे. विद्यार्थी घरोघर जात, वयोवृद्ध माणसांशी बोलत आणि ऐकलेले कार्डांवर लिहून आणत. कार्डांचे गठ्ठे वाढले, तेव्हा ते संगणकावर घ्यायचे ठरले. त्यासाठी तक्ता बनवून देणाऱ्या मुलाने मला एक साधा प्रश्न विचारला, "मॅडम, एका शब्दाला जास्तीत जास्त किती अर्थ असतात?"

मी म्हणाले, "दोन धर. फार तर शेरा म्हणून एक रकाना ठेव."

आयुष्यभर शब्दाच्या अनेकार्थतेवर व्याख्याने देणाऱ्या माणसाने दिलेले हे उत्तर! पण त्या वेळी ते सोयीचे वाटले. तक्ता झाला : शब्द, लिंग, अर्थ एक, अर्थ दोन, उदाहरण, शेरा. मुलांनी कार्डे पाहून भराभर रकाने भरले. वर्षअखेरीस विभागातील कपाटे आवरताना "आता सगळे संगणकावर आलेच आहे" म्हणून कार्डे रद्दीत गेली. ती मीच जाऊ दिली.

पुढे काही महिन्यांनी एक बाई मला भेटायला आल्या. त्यांच्या आईंनी आमच्या मुलांना पुष्कळ शब्द सांगितले होते. आई आता राहिल्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, "ताई, आईनं 'चौक' शब्दाबद्दल बराच वेळ काहीतरी सांगितलं होतं. ते जरा वाचून दाखवता?" मी तक्ता उघडला. अर्थ एक : वाड्यातील मोकळे अंगण. अर्थ दोन : रस्ते एकत्र येतात ती जागा. शेरा : रिकामा. ज्या विद्यार्थिनीने ते कार्ड लिहिले होते तिला विचारले. ती म्हणाली, "मॅडम, तिसरा अर्थ होता. लग्नघराशी काहीतरी संबंध होता. पण रकाने दोनच होते."

हिंदीत मंगलकार्याच्या वेळी रांगोळीने किंवा पिठाने चौक पुरतात. आजींनी सांगितलेले याच्याच जवळचे काही असावे, असा तर्क करता येतो. पण तर्क म्हणजे नोंद नव्हे. आजींच्या तोंडचे वाक्य गेले ते गेलेच.

या प्रसंगानंतर मी त्या मुलासमोर विद्यार्थिनी म्हणून बसले. जे शिकले ते आज आपल्यापुढे ठेवते.

तक्ता आणि नोंद

तक्त्याचे रकाने आधी ठरतात आणि माहिती नंतर येते. ज्या माहितीला रकाना नाही तिला जागा नाही. पगारपत्रकाला, हजेरीपटाला हे चालते, कारण तिथे प्रत्येक ओळीचा आकार सारखाच असतो. शब्दांचे तसे नाही. एखाद्या शब्दाला एकच अर्थ, ना उदाहरण ना वाक्प्रचार. दुसऱ्याला सात अर्थ, त्यातल्या तिसऱ्याला दोन पोटअर्थ, आणि त्या पोटअर्थांपैकी एक फक्त एका गावापुरता.

आपल्या जुन्या कोशकारांना हे पक्के ठाऊक होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्यातील कोणतेही पान उघडा. शब्द, त्याचे व्याकरण, क्रमांक घातलेले अर्थ आणि त्या अर्थांच्या पोटात वाक्प्रचार व उपयोग अशी घडी दिसते. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'तही एकाच नोंदीत अर्थ, उदाहरणे, सामासिक शब्द असे थर सापडतात. एखादी नोंद एका ओळीची, तर शेजारचीच पाऊण स्तंभाची. कोणीही त्यांना "जास्तीत जास्त किती?" असे विचारले नव्हते.

मात्र छापील कोशातील हे थर क्रमांक, अर्धविराम, कंस आणि जाड ठसा यांच्या आधाराने उभे असतात. वाचकाचा डोळा सरावाने ते ओळखतो. संगणकाला अर्धविरामातून काही कळत नाही. कशाच्या पोटात काय आहे ते त्याला उघडपणे सांगावे लागते. ते सांगण्याची एक सोपी लेखनपद्धती म्हणजे जेसन.

जेसन म्हणजे काय

जेसन हे 'जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट नोटेशन' या नावाचे लघुरूप. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकी प्रोग्रामरने या शतकाच्या आरंभी ही पद्धती निश्चित करून प्रसारात आणली. नावात जावास्क्रिप्ट असली तरी आज जवळजवळ प्रत्येक संगणकभाषेला जेसन वाचता-लिहिता येते. तिचे सध्याचे इंटरनेट-मानक डिसेंबर २०१७ मधले असून त्याचा क्रमांक आरएफसी ८२५९ असा आहे.

तिचे व्याकरण एका पोस्टकार्डावर मावेल. साधी मूल्ये चार प्रकारची : मजकूर, संख्या, खरे-खोटे आणि 'नल', म्हणजे रिक्त. त्यांना ठेवण्याची भांडी दोन प्रकारची. पहिले भांडे महिरपी कंसाचे, ज्यात प्रत्येक वस्तूवर नावाची चिठ्ठी असते. दुसरे चौकोनी कंसाचे, ज्यात वस्तू चिठ्ठीविना पण क्रमाने ठेवलेल्या असतात. पहिल्याला मी डबा म्हणेन, दुसऱ्याला यादी. पायथन या भाषेत या डब्याला 'डिक्शनरी' म्हणतात, हे आपल्यासारख्या कोशप्रेमी मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खरी शक्ती पुढच्या नियमात आहे. डब्यात डबा, डब्यात यादी, यादीत डबा असे कितीही खोल ठेवता येते. स्वयंपाकघरात एकात एक बसणारे स्टीलचे डबे असतात, तसे. आपल्या ओळखीचा 'कीस' हा शब्द घेऊ.

{
  "शब्द": "कीस",
  "लिंग": "पुल्लिंग",
  "अर्थ": [
    { "स्पष्टीकरण": "किसणीतून पडलेले बारीक तुकडे" },
    { "स्पष्टीकरण": "किसलेल्या जिनसाचा शिजवलेला पदार्थ",
      "प्रकार": [
        { "नाव": "बटाट्याचा कीस", "प्रसंग": "उपास" },
        { "नाव": "भुट्ट्याचा कीस", "स्थळ": "इंदूर" }
      ]
    }
  ],
  "वाक्प्रचार": [
    { "रूप": "कीस पाडणे", "अर्थ": "फार बारकाईने चिकित्सा करणे" }
  ]
}

पहिल्या अर्थाला प्रकार नाहीत, म्हणून तिथे 'प्रकार' हा डबाच नाही. दुसऱ्याला आहेत, म्हणून आहे. 'प्रसंग' बटाट्याच्या किसापाशी आहे, 'स्थळ' भुट्ट्याच्या. अर्थ यादीत ठेवले आहेत, कारण यादीला क्रम असतो. डब्यातील चिठ्ठ्यांच्या क्रमाची हमी मानक देत नाही. कोशात पहिला अर्थ पहिलाच राहिला पाहिजे, म्हणून अर्थांची जागा यादीतच.

घडण चालता चालता

एक नोंद हाताने लिहिणे सोपे आहे. हजारो नोंदी हाताने लिहिता येत नाहीत. त्या प्रोग्रामने रचायच्या, आणि प्रोग्राम लिहिताना कोणती नोंद किती खोल जाणार हे माहीत नसते. म्हणजे आकार आधी न ठरवता, माहिती येईल तशी भांडी घडवत जायची.

आमचा पहिला प्रयत्न बाळबोध होता. आम्ही कंस, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे मजकुराला हाताने चिकटवत गेलो. दोन दिवस बरे चालले. मग एका उदाहरणात संवाद आला. आजी सुनेला काय म्हणाल्या ते अवतरणचिन्हांत होते. जेसनमध्ये मजकूर संपल्याची खूणही अवतरणचिन्हच. संगणकाला वाटले, वाक्य तिथेच संपले, आणि पुढची सारी फाइल त्याला वाचता येईना. तेव्हा पहिला नियम शिकलो : जेसन चिकटवून तयार करू नये. आधी संगणकाच्या स्मृतीत डबे आणि याद्या रचाव्यात आणि सगळे झाल्यावर ते लिहून काढण्याचे काम भाषेतल्या तयार साधनाकडे सोपवावे. मजकुरातील अवतरणचिन्हांपुढे कोणती खूण करायची ते त्या साधनाला ठाऊक असते.

मग रचना कशी करायची? आम्ही विद्यार्थ्यांना सांगितले की कार्डावरील प्रत्येक गोष्ट एका ओळीत, तिच्या पूर्ण पत्त्यासह लिहा. उदाहरणार्थ :

कीस > अर्थ > १ > स्पष्टीकरण : किसणीतून पडलेले बारीक तुकडे
कीस > अर्थ > २ > प्रकार > २ > स्थळ : इंदूर
कीस > वाक्प्रचार > १ > रूप : कीस पाडणे

प्रोग्राम एकेक ओळ घेतो आणि पत्त्याप्रमाणे चालू लागतो. प्रत्येक पायरीवर तो एकच प्रश्न विचारतो : या नावाचे भांडे इथे आहे का? असेल तर त्याच्या आत जा. नसेल तर बनव आणि मग आत जा. शेवटच्या पायरीवर पोचलास की मूल्य ठेव. नवे भांडे कोणते बनवायचे, हे पुढच्या पायरीवरून ठरते. पुढे आकडा असेल तर यादी, नाव असेल तर डबा. संगणक यादी शून्यापासून मोजतो, म्हणून आकड्यातून एक वजा करायचा. दुसऱ्या अर्थाची ओळ पहिल्याच्या आधी आली तर पहिल्याची जागा तात्पुरती रिक्त ठेवायची आणि शेवटी अशी एखादी जागा तशीच राहिली नाही ना, ते तपासायचे.

"असेल तर दे, नसेल तर बनवून दे" या कामासाठी पायथनमध्ये 'सेटडिफॉल्ट' नावाची तयार सोय आहे. सारा प्रोग्राम वीस-पंचवीस ओळींचा होतो. त्यात कुठेही दोन, तीन किंवा सात हा आकडा नाही. एका शब्दाला जास्तीत जास्त किती अर्थ, हा प्रश्न तो विचारतच नाही. जेवढे असतील तेवढे.

चुका, आणि त्यांतून काय कळले

यानंतर सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. तीन चुका सांगते, कारण त्या प्रत्येक संकलकाच्या वाट्याला येणार आहेत.

पहिली चूक 'वर' या शब्दाने दाखवून दिली. वर म्हणजे नवरदेव, वर म्हणजे देवाने दिलेला वर आणि वर म्हणजे उंचावर. कोशात या तीन स्वतंत्र नोंदी. आमच्या पत्त्याची पहिली पायरी मात्र शब्द हीच होती. एका डब्यात एका नावाची चिठ्ठी एकदाच असायला हवी. त्यामुळे तिन्ही कार्डे एकाच डब्यात शिरली. नंतर आलेल्या स्पष्टीकरणाने आधीचे पुसले आणि जे पुसले गेले नाही ते तसेच राहिले. परिणामी "ज्याचे लग्न ठरले आहे असा पुरुष" या अर्थाखाली "ते पुस्तक वर ठेव" हे उदाहरण छान बसलेले सापडले! आम्ही हसलो, पण ही गंभीर गोष्ट आहे. प्रोग्रामने कुठेही तक्रार केली नव्हती. त्यानंतर आम्ही पत्त्याच्या पहिल्या पायरीवर कार्डाचा क्रमांक घातला आणि शब्द नोंदीच्या आत एक साधे मूल्य म्हणून ठेवला. ओळख पटवण्यासाठी क्रमांक, बोलण्यासाठी शब्द.

दुसरी चूक अधिक फसवी. प्रत्येक नोंदीत संकलनाची तारीख आणि मोहल्ला यांचा एक छोटा डबा हवा होता. आमच्या विद्यार्थ्याने तो सुरुवातीला एकदाच बनवला आणि प्रत्येक नोंदीत तोच ठेवत, दर वेळी आतली तारीख बदलत गेला. शेवटी पाहतो तो सगळे शब्द एकाच दिवशी, एकाच मोहल्ल्यात सांगितलेले! त्याला वाटले होते की दर वेळी डब्याची नवी प्रत ठेवली जाते. प्रत्यक्षात सगळ्या नोंदी एकाच डब्याकडे बोट दाखवत होत्या. उपाय सोपा : प्रत्येक नोंदीसाठी नवा डबा बनवायचा. नक्कल करायची झाली तर वरवरची नको, आतल्या डब्यांसकट करायची. नाहीतर बाहेरचा डबा नवा आणि आतला जुनाच सामायिक, अशी गत होते.

तिसरी चूक खास आपल्या लिपीची. शब्दसूची तयार केली तेव्हा 'तऱ्हा' हा शब्द तीनदा आला. पडद्यावर तिन्ही अगदी सारखे दिसत होते. युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे. पण र आणि खालचा नुक्ता जोडूनही तेच अक्षर तयार होते. शिवाय साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही तोच अर्धा र उमटतो. तीन कळफलक, तीन सवयी, आणि संगणकाच्या दृष्टीने तीन निराळे शब्द. यांतले पहिले दोन एकरूप करण्याची प्रमाणित पद्धत आहे, तिला एनएफसी म्हणतात. तिसऱ्यासाठी मात्र आपला स्वतःचा नियम लिहावा लागतो. तीच गोष्ट 'ॲ' या अक्षराची. ते एक चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि अ वर चंद्र देऊनही. ही दोन रूपे प्रमाणित पद्धतीने एक होत नाहीत. म्हणून मजकूर आत घेतानाच, उंबऱ्यावर, तो एका रूपात आणावा.

याला जोडून एक छोटी सूचना. पायथनमधून जेसन लिहिताना विशेष काही सांगितले नाही, तर सारी देवनागरी अक्षरे उलट्या तिरक्या रेघेसह सांकेतिक आकड्यांत लिहिली जातात. 'क'च्या जागी ०९१५ दिसते. आमची एक विद्यार्थिनी फाइल उघडून रडकुंडीला आली, तिला वाटले सगळे नष्ट झाले. नष्ट काहीच झालेले नसते. दुसरा संगणक ती फाइल बरोबर वाचतो. पण माणसाला ती वाचता येत नाही, आणि जी नोंद जाणकार माणसाला वाचता येत नाही ती तपासली जात नाही. हे टाळण्यासाठी लिहितानाच एक पर्याय बंद करावा लागतो. तेवढे जरूर करावे.

तीन प्रकारचे मौन

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः उभी आहे त्याकडे येते.

आमच्या जुन्या तक्त्यात 'शेरा' हा रकाना रिकामा होता. रिकामा म्हणजे काय? आजींनी काही सांगितले नाही? मुलीने विचारले नाही? की सांगितले, पण लिहिले गेले नाही? रिकाम्या चौकोनातून यातले काहीच कळत नाही.

जेसनमध्ये रिकामेपण तीन रीतींनी दाखवता येते. नावाची चिठ्ठीच नसणे ही पहिली रीत. चिठ्ठी आहे, पण मूल्य 'नल' आहे, ही दुसरी. चिठ्ठी आहे आणि तिच्यापुढे रिकामी यादी आहे, ही तिसरी. या तिन्हींचा अर्थ काय घ्यायचा हे मानक ठरवत नाही, ते आपण ठरवायचे. आम्ही असे ठरवले : चिठ्ठी नसेल तर तो प्रश्न विचारलाच गेला नाही. 'नल' असेल तर विचारला, पण उत्तर हाती आले नाही. सांगणाऱ्याला आठवले नाही, ऐकू आले नाही किंवा आमच्याकडून हरवले. रिकामी यादी असेल तर विचारले आणि "असे काही नाही" हे उत्तर मिळाले.

बोलीच्या अभ्यासकाला हा फरक किती मोलाचा आहे हे मी आपल्याला सांगायला नको. "या मोहल्ल्यात या शब्दाचा वाक्प्रचार नाही" हे विधान आणि "आम्ही वाक्प्रचार विचारलाच नाही" ही कबुली यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यावरून निष्कर्ष काढता येतो. दुसऱ्यावरून फक्त पुन्हा त्या घरी जाता येते.

इथेच आपोआप घडणाऱ्या रचनेचा एक धोका आहे. पायथनमध्ये 'डिफॉल्टडिक्ट' नावाचा एक सोयीचा डबा मिळतो. नसलेले नाव मागितले की तो त्या नावाचे रिकामे भांडे स्वतःच बनवून देतो. रचना करताना फार सुखाचे वाटते. पण तो डबा लिहिणे आणि पाहणे यांत फरक करत नाही. कोणत्या नोंदींना वाक्प्रचार आहेत, हे मोजायला आम्ही एक छोटा प्रोग्राम चालवला. त्याने प्रत्येक नोंदीत डोकावून 'वाक्प्रचार' मागितले आणि जिथे नव्हते तिथे मागताक्षणीच रिकामी यादी तयार झाली. नंतर फाइल लिहिली गेली. आमच्या संकेताप्रमाणे त्या शेकडो नोंदी आता म्हणत होत्या, "विचारले होते, असे काही नाही." आम्ही कोणालाही काही विचारले नव्हते. नुसते डोकावण्याने खोटी साक्ष तयार झाली होती.

तेव्हापासून दोन कामांना दोन साधने. रचताना "नसेल तर बनव", आणि वाचताना "नसेल तर नाही म्हण, काहीही बनवू नकोस". तांत्रिक शिस्त एवढीच. पण तिचे कारण तांत्रिक नाही. शब्द सांगणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण काय घालतो, याचे ते कारण आहे.

पोटात काय, बाहेर काय

शेवटचा मुद्दा. एकात एक ठेवता येते म्हणून सगळेच पोटात ठेवू नये. सुरुवातीला आम्ही शब्द सांगणाऱ्या व्यक्तीची माहितीही प्रत्येक नोंदीच्या आत ठेवली. वय, शिक्षण, घराणे मूळ कुठले, वगैरे. एका आजोबांनी दोनशे शब्द सांगितले तर त्यांची माहिती दोनशे ठिकाणी. पुढे त्यांचे जन्मवर्ष चुकल्याचे कळले आणि आम्ही ते दीडशे ठिकाणी दुरुस्त केले. उरलेली पन्नास ठिकाणे नंतर सापडली. एका आजींनी तर नंतर सांगितले, "माझं नाव छापू नका बरं." ते काढायचे कुठून कुठून?

आता आमची कसोटी अशी आहे. जे दुसऱ्यावाचून राहू शकत नाही ते पोटात ठेवावे. अर्थ शब्दावाचून राहत नाही, उदाहरण अर्थावाचून राहत नाही, म्हणून ती पोटात. व्यक्ती मात्र शब्दावाचूनही असते. तिची माहिती वेगळ्या यादीत एकदाच ठेवावी आणि नोंदीत फक्त तिचा क्रमांक द्यावा. नाव झाकायचे झाले तर एकाच जागी झाकता येते. ही कसोटी कोणत्याही संगणकतज्ज्ञाने आम्हाला दिली नाही. कशाचे अस्तित्व कशावर अवलंबून आहे, हा प्रश्न भाषेच्या आणि साहित्याच्या माणसाचाच आहे.

समारोप

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांकडे वह्या असतील, कार्डे असतील, ध्वनिफिती असतील. बडोद्याच्या घरांतली मराठी, ग्वाल्हेरच्या लष्करातली मराठी, बेळगावकडची, गोव्याची, हैदराबादची. ती संगणकावर घेण्यासाठी कोणीतरी तरुण मदतीला येईल आणि आपल्याला तोच प्रश्न विचारील, "जास्तीत जास्त किती?" त्याचा दोष नाही. त्याला तसेच काम करायची सवय आहे. उत्तर आपले आहे. प्रोग्राम आपल्याला लिहिता आला नाही तरी चालेल. पण नोंदीचा आकार कोणी ठरवायचा, हे त्याच्यावर सोपवू नका. त्याच्याबरोबर बसा, आपली सर्वांत गुंतागुंतीची दहा कार्डे त्याच्यापुढे ठेवा आणि ती जशीच्या तशी बसतील असे भांडे घडवायला सांगा. दहा अवघड कार्डे बसली तर सोपी आपोआप बसतील. सोप्या कार्डांपासून सुरुवात केली तर माझ्यासारखे दोन रकाने पदरी येतील. आणि कृपा करून मूळ कार्डे रद्दीत देऊ नका, संगणकावर सगळे आले असे कितीही वाटले तरी.

'चौक' या शब्दाची नोंद आता नव्या रचनेत आहे. तिच्या 'अर्थ' या यादीत तीन जागा आहेत. पहिल्या दोन भरलेल्या आहेत. तिसऱ्या जागी एक डबा आहे : स्पष्टीकरण 'नल', आणि टीप, "सांगणाऱ्या व्यक्तीने तिसरा अर्थ सांगितला होता. लग्नकार्याशी संबंध. नोंद संकलकांकडून हरवली." त्या बाईंना मी ती वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मावशीला विचारून बघते. ती उज्जैनला असते." त्या विचारतील तेव्हा ते तिसऱ्या जागी जाणार नाही. ती जागा त्यांच्या आईची आहे. मावशींचे उत्तर चौथ्या जागी ठेवू. भांड्यात तेवढी जागा आता आहे.